विश्लेषण : ‘सिली’ म्हणजे एकेकाळी ‘भाग्यवान’, मग तो ‘मूर्ख’ कसा झाला?

क्रिकेटचे समालोचन ऐकणाऱ्यांना ‘सिली पॉइंट’, ‘सिली मिड ऑन’, ‘सिली मिड ऑफ’ हे शब्द नवे नाहीत. मैदानावरच्या या जागांना ‘सिली’, म्हणजे खुळचट, का म्हणतात? बॅटपासून इतक्या जवळ जाऊन उभे राहणे हा शुद्ध वेडेपणा आहे, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईचे एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे जवळपास तितक्याच अंतरावर, हेल्मेट न घालता उभे राहायचे. २७ कसोटींत त्यांनी ५३ झेल घेतले. दुसरीकडे फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात रमण लांबा यांना याच जागी हेल्मेटविना क्षेत्ररक्षण करताना चेंडू लागला आणि तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला.

ऐकायला गमतीदार वाटणाऱ्या या शब्दाच्या पोटात धोका, धाडस आणि असुरक्षितता असे बरेच काही दडले आहे. त्याच्या इतिहासात तर त्याहून जास्त. ‘सिली’, ‘गिडी’, ‘डाफ्ट’, ‘फ्लायटी’, ‘फ्रिव्होलस’, ‘हेअर-ब्रेन्ड’ अशा विशेषणांची एक मोठी फौज इंग्रजीत आहे. यातले काही शब्द आता जुन्या कादंबऱ्यांत किंवा पी. जी. वुडहाउसच्या पानांतच भेटतात. काही आजही आपल्या व्हॉट्सअॅपवर आहेत. ‘डोन्ट बी सिली’ हे तर मराठी घरांतही सहज म्हटले जाते.

हे शब्द कुठून आले, त्यांचे अर्थ कसे घसरले आणि ते कोणाच्या कपाळावर चिकटवले गेले, हे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. माणसाला ‘हलका’ ठरवणे ही त्याचे म्हणणे न ऐकण्याची सर्वांत स्वस्त युक्ती आहे. कशी, ते पाहू.

‘सिली’ आधी काय होता?

जुन्या इंग्रजीत ‘सेलिग’ असा शब्द होता. अर्थ : सुखी, भाग्यवान. जर्मन भाषेत त्याचा भाऊ अजून जिवंत आहे. तिथे ‘झेलिश’ म्हणजे आजही धन्य, पुण्यवान. इंग्रजीत मात्र या शब्दाने वेगळी वाट धरली.

सुमारे आठशे वर्षांपूर्वी ‘सीली’ म्हणजे देवाची कृपा असलेला, पुण्यवान. पुण्यवान माणूस निरागस असतो, म्हणून पुढे अर्थ झाला निरागस. निरागस माणूस जगात टिकत नाही, त्याची कीव येते, म्हणून अर्थ झाला बिचारा. बिचारा म्हणजे दुबळा, आणि दुबळा म्हणजे बुद्धीनेही दुबळा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तो ‘मूर्ख’ या अर्थाला येऊन पोहोचला. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. त्या काळच्या लिखाणात एखाद्या बाईला किंवा मेंढराला ‘सिली’ म्हटले असेल, तर अनेकदा त्याचा अर्थ ‘असहाय’ असतो, ‘बिनडोक’ नव्हे.

या प्रवासातली प्रत्येक पायरी लहान आहे. कुणी एका दिवसात ठरवून अर्थ बदलला नाही. पण पहिली आणि शेवटची पायरी शेजारी ठेवली तर धक्का बसतो : धन्य माणसाचा मूर्ख झाला.

मराठीत हे अनोळखी नाही. ‘भोळा’ हा शब्द घ्या. शंकर भोळा असतो तेव्हा ती स्तुती असते. पण ‘तो जरा भोळाच आहे’ असे स्थळ पाहायला आलेली मंडळी म्हणाली, की मुलाच्या आईचा चेहरा उतरतो. ‘साधा’, ‘गरीब गाय’, ‘देवमाणूस’ या शब्दांतही कौतुक आणि कीव यांच्यातले अंतर बोलणाऱ्याच्या सुरावर ठरते.

अंगात आलेला ‘गिडी’ आणि सौम्य ‘डाफ्ट’

‘गिडी’ म्हणजे आज चक्कर आलेला, किंवा आनंदाने हुरळलेला, उच्छृंखल. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ होता वेडा, झपाटलेला. त्याचे मूळ ‘गॉड’ म्हणजे देव या शब्दाच्याच कुळातले मानले जाते. आपल्याकडचा ‘अंगात येणे’ हा वाक्प्रचार आठवा, की ‘गिडी’ लगेच समजतो. देव अंगात आला म्हणून माणूस भानावर नाही. पुढे देव गेला, भान नसणे तेवढे उरले. मग ते भोवळीसाठी वापरले गेले आणि उडत्या स्वभावाच्या तरुण मुलींसाठीही.

‘डिझी’चा प्रवास याच्या उलट आहे. त्याचा मूळ अर्थच मूर्ख असा होता. भोवळ येणे हा अर्थ नंतर चिकटला. आज डॉक्टरांना ‘डिझी वाटतंय’ असे सांगताना आपण स्वतःला हजार वर्षांपूर्वीच्या भाषेत मूर्ख म्हणवून घेतो, हे कुणाच्या मनातही येत नाही.

सर्वांत बोलका आहे ‘डाफ्ट’. इंग्लंडच्या उत्तर भागात आणि स्कॉटलंडमध्ये हा शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहे. बऱ्याचदा तो प्रेमानेच वापरतात. आपण ‘अरे येड्या’ म्हणतो तसा. त्याचे मूळ आहे सौम्य, शोभेसे वागणारा. त्याच मुळातून ‘डेफ्ट’ हा दुसरा शब्द निघाला. त्याचा अर्थ कुशल, हातात सफाई असलेला. एकाच घरातले दोन भाऊ. एकाच्या हाताला कौतुक मिळाले, दुसऱ्याच्या सौम्यपणाला मठ्ठपणा समजले गेले.

चांगुलपणा खाली घसरत मूर्खपणापर्यंत गेला, असे हे शब्द सांगतात. आवाज न चढवणारा, कुणाशी भांडण न करणारा माणूस लोकांच्या नजरेत हळूहळू ‘कळत नाही त्याला’ या रकान्यात जातो.

उलट दिशेने गेलेले : ‘नाइस’ आणि ‘फाँड’

सगळे शब्द खालीच गेले असे मात्र नाही. ‘नाइस’ हा आजचा सर्वांत निरुपद्रवी शब्द. फोटोखाली काही सुचले नाही की आपण तोच टाकतो. त्याचे मूळ लॅटिनमधला ‘नेस्किअस’, म्हणजे अज्ञानी. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख. पुढे तो नखरेल, चोखंदळ, काटेकोर अशी वळणे घेत अठराव्या शतकात ‘छान’ झाला. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर अॅबी’ या कादंबरीत तर या शब्दाच्या अतिवापराची थट्टाही आहे.

‘फाँड’चेही तसेच. ‘आय अॅम फाँड ऑफ यू’ म्हणजे मला तू आवडतोस. पण मुळात ‘फाँड’ म्हणजे खुळावलेला. माया करणारा माणूस थोडा खुळाच असतो, या समजुतीतून अर्थ सरकला. आपली ‘वेडी माया’ हीच. ‘त्याला क्रिकेटचे वेड आहे’ यातले वेडही आता आजार राहिलेले नाही.

या दोन शब्दांवरून एक साधा निष्कर्ष निघतो. मूर्ख हा शिक्का कायमचा नसतो. शब्द ज्यांच्यासाठी वापरला जातो, त्यांच्याकडे समाज कसा पाहतो, त्यावर शब्दाचे नशीब ठरते. ज्यांच्यावर आपला जीव असतो, त्यांचा खुळेपणा गोड वाटतो. ज्यांना आपण मोजतच नाही, त्यांचा चांगुलपणाही खुळचट वाटतो.

डोक्यात पीस, ससा की सडके अंडे?

आता या विशेषणांतली चित्रे पाहा. ‘फेदर-ब्रेन्ड’ म्हणजे डोक्यात पीस असलेला. ‘हेअर-ब्रेन्ड’ म्हणजे सशाच्या डोक्याचा. इथला ‘हेअर’ म्हणजे केस नव्हे, रानससा. इंग्रज लोकही हे स्पेलिंग शतकानुशतके चुकवत आले आहेत. ‘स्कॅटर-ब्रेन्ड’ म्हणजे विचार इतस्ततः विखुरलेला. ‘रॅटल-ब्रेन्ड’ म्हणजे डोक्यात खुळखुळा वाजणारा. ‘अॅडल-पेटेड’ म्हणजे ज्याचे डोके नासलेल्या अंड्यासारखे आहे तो. ‘फ्लायटी’ म्हणजे सतत उडणारा. ‘स्किटिश’ म्हणजे जरा खुट्ट झाले की बुजणाऱ्या घोड्यासारखा.

‘इनेन’ हा लॅटिनमधून आलेला, मूळ अर्थ रिकामा. ‘व्हॅपिड’ म्हणजे ज्याची चव उडून गेली आहे असा, आधी पेयासाठी आणि नंतर माणसासाठी. ‘फ्रिव्होलस’चे मूळही लॅटिन, अर्थ पोकळ, फुटकळ. आणि ‘फूल’ म्हणजे मूर्ख, या शब्दाचे मूळ आहे ‘फॉलिस’. लॅटिनमध्ये फॉलिस म्हणजे लोहाराचा भाता. नुसती हवा.

सगळ्यांत एक समान धागा आहे : वजन. शहाणा माणूस जड असतो, त्याच्या शब्दाला वजन असते. मूर्ख हलका असतो, उडतो, विखुरतो, त्याच्यात हवा भरलेली असते. इंग्रजीत गांभीर्याला ‘ग्रॅव्हिटी’ म्हणतात. तोच शब्द आम्ही इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला गुरुत्वाकर्षणासाठी शिकलो. त्याच्या उलट थिल्लरपणासाठी ‘लेव्हिटी’. लॅटिनमध्ये ‘ग्रॅव्हिस’ म्हणजे जड आणि ‘लेव्हिस’ म्हणजे हलका.

मराठीनेही हाच काटा वापरला आहे, फक्त हवेच्या जोडीला पाणी आणले. ‘उथळ’ म्हणजे ज्या पाण्याला खोली नाही ते. ‘थिल्लर’ म्हणजे जुन्या मराठीत डबके. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण तर सर्वांना पाठ आहे. ‘बावळा’ या शब्दाची व्युत्पत्ती संस्कृतमधल्या ‘वातुल’ या शब्दापर्यंत नेतात, म्हणजे तिथे पुन्हा वारा आलाच. लंडन असो की लातूर, मूर्खाच्या डोक्यात वारा भरलेला असतो यावर एकमत दिसते.

उपमा चांगल्या आहेत, यात वाद नाही. अडचण एकच. पाण्याची खोली मोजता येते, माणसाची मोजायला आपण बहुतेक वेळा थांबतच नाही.

‘फ्लिबर्टिजिबेट’ : जीभ वळणार नाही असा शब्द

या घराण्यातला सर्वांत लाडका सदस्य म्हणजे ‘फ्लिबर्टिजिबेट’. हे विशेषण नाही, नाम आहे. पण त्याला वगळून ही गोष्ट सांगता येणार नाही. अर्थ : सतत बडबड करणारी, एका जागी न टिकणारी व्यक्ती. शब्दाचा उगम बडबडीच्या आवाजातच असावा, असे मानले जाते. आपण ‘टकळी चालू आहे’ किंवा ‘चुरूचुरू बोलते’ म्हणतो, तसा.

१६०३ मध्ये सॅम्युअल हार्स्नेट या धर्मगुरूने भूत उतरवण्याच्या नावाखाली चालणाऱ्या प्रकारांवर टीका करणारे पुस्तक लिहिले. त्यात एका पिशाच्चाचे हे नाव आले. तिथून शेक्सपिअरने ते ‘किंग लिअर’ नाटकात घेतले. पुढे पिशाच्च मागे पडले आणि बडबड्या मुली पुढे आल्या. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या १९६५ च्या चित्रपटात मारियाबद्दल तक्रार करणाऱ्या नन्सच्या गाण्यात हा शब्द आहे. तिथे तो ऐकून हसू येते. पण जरा विचार करा : मारियाचा दोष काय, तर ती गाते, धावते आणि प्रार्थनेला उशिरा येते.

हे शब्द लावले कोणाला?

इथे गंमत संपते. शब्दकोशात ही विशेषणे कोणालाही लागू असतात. प्रत्यक्षात त्यांचा मोठा वाटा बायकांच्या, तरुणांच्या आणि गरिबांच्या वाट्याला आला.

१७९२ मध्ये मेरी वुलस्टनक्राफ्टने स्त्रियांच्या हक्कांची बाजू मांडणारे आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. तिचा युक्तिवाद थेट होता. मुलींना शिकवायचे नटणे आणि खूश ठेवणे, आणि मोठेपणी म्हणायचे की बायका थिल्लर असतात. आधी खोली भरून टाकायची आणि मग पाणी उथळ आहे म्हणून नाक मुरडायचे, असा हा प्रकार.

१८१३ मधल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये श्रीयुत बेनेट पहिल्याच प्रकरणात स्वतःच्या मुलींना ‘सिली’ ठरवून मोकळे होतात. वाचकाला ते विनोदी बाप वाटतात. पण पुढे धाकटी लिडिया एका सैनिकी अधिकाऱ्याबरोबर पळून जाते. त्याआधी एलिझाबेथने तिला ब्रायटनला पाठवू नका असे बजावलेले असते आणि त्यांनी ते कानाआड केलेले असते. मुलगी ‘सिली’ आहे असे एकदा ठरले की तिच्याकडे लक्ष देण्याची जबाबदारीही संपते. मला तर ही कादंबरी त्या एका विशेषणाची किंमत सांगणारी वाटते.

बरे, बाईने गंभीर व्हायचे ठरवले तर? त्यासाठीही शब्द तयार होता. १७५० च्या दशकात लंडनमध्ये एलिझाबेथ माँटेग्यू आणि तिच्या मैत्रिणी पत्ते खेळण्याऐवजी साहित्यावर गप्पा मारायला जमत. तिथे बेंजामिन स्टिलिंगफ्लीट नावाचे एक विद्वान रेशमी मोज्यांऐवजी साधे निळे लोकरी मोजे घालून येत. त्यावरून त्या मंडळींना ‘ब्लूस्टॉकिंग’ म्हणू लागले. मोजे पुरुषाचे, पण शब्द चिकटला बायकांना. पुढे त्याचा अर्थ झाला रुक्ष, शिष्ट, पुस्तकी बाई. हसली तर ‘गिडी’, वाचली तर ‘ब्लूस्टॉकिंग’.

पुरुष पूर्ण सुटले असे नाही. नटव्या पुरुषाला ‘फॉपिश’ म्हणत. १७७० च्या सुमारास इटलीची सफर करून आलेल्या, उंच टोप घालणाऱ्या लंडनच्या तरुणांना ‘मॅकरोनी’ हे नाव पडले. ‘यँकी डूडल’ गाण्यातला मॅकरोनी तो हाच, ताटातला नव्हे. अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांना गावंढळ ठरवण्यासाठी इंग्रज सैनिक हे गाणे म्हणत. अमेरिकनांनी तेच गाणे उचलून आपले केले. पण नटव्या पुरुषाची चेष्टा झाली म्हणून पुरुषजातीचा मताधिकार कुणी रोखून धरला नाही. बायकांच्या बाबतीत तसा प्रयत्न झाला.

पाच दशलक्ष ‘फ्लॅपर’ आणि एक कायदा

ब्रिटनमध्ये १९१८ साली स्त्रियांना मताधिकार मिळाला, पण तीस वर्षांवरच्या आणि मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्यांनाच. पुरुषांसाठी वय होते २१. पुढची दहा वर्षे हा फरक मिटवण्याची मागणी होत राहिली. १९२७-२८ मध्ये ती पूर्ण होण्याची चिन्हे दिसू लागली तेव्हा विरोधकांच्या आणि ‘डेली मेल’सारख्या वृत्तपत्रांच्या हाती एक शब्द आला : ‘फ्लॅपर व्होट’.

‘फ्लॅपर’ म्हणजे आधी पंख फडफडवत उडायला शिकणारे पिल्लू. नंतर तरुण मुलगी. १९२० च्या दशकात त्याचा अर्थ झाला आखूड केस, आखूड स्कर्ट, जॅझ आणि नाच यांत रमलेली उथळ पोरगी. पुन्हा पीस आणि पंख. पुन्हा हलकेपणा. वास्तविक नव्याने मत मिळणार होते त्या सुमारे ५० लाख स्त्रियांमध्ये गिरणी कामगार होत्या, शिक्षिका होत्या, टायपिस्ट होत्या, घरकाम करणाऱ्या होत्या आणि तिशी ओलांडूनही मालमत्तेच्या अटीमुळे बाहेर राहिलेल्याही होत्या. एका शब्दाने त्या सगळ्यांना नाचणाऱ्या पोरी करून टाकले.

२ जुलै १९२८ रोजी कायदा झाला. स्त्रियांना पुरुषांइतक्याच अटींवर, २१ व्या वर्षी मत मिळाले. या लढ्यातल्या अग्रणी एमेलिन पँकहर्स्ट तो दिवस पाहू शकल्या नाहीत. १४ जूनला, म्हणजे तीन आठवडेही बाकी नसताना, त्यांचे निधन झाले होते.

‘फ्लॅपर व्होट’ या शब्दप्रयोगात युक्तिवाद कुठे आहे, ते शोधून पाहा. सापडणार नाही. एकवीस वर्षांचा मुलगा मत देऊ शकतो तर मुलगी का नाही, या प्रश्नाला त्यात उत्तरच नाही. उत्तर द्यावे लागू नये, हाच त्याचा उपयोग होता.

आपल्याकडे उत्तर दिले ताराबाईंनी

या घटनेच्या ४६ वर्षे आधी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री पुरुष तुलना’ हे छोटेसे पुस्तक लिहिले. निमित्त होते सुरतमधल्या एका तरुण विधवेच्या खटल्याचे आणि त्यावरून वृत्तपत्रांत बायकांवर झालेल्या आगपाखडीचे. ताराबाईंची पद्धत आजच्या भाषेत सांगायची तर ‘पॉइंट बाय पॉइंट’ होती. बायकांच्या नावावर जे दोष खपवले जातात ते एकेक घ्यायचे आणि विचारायचे, हे पुरुषांत नाहीत का?

मला हे पुस्तक या संदर्भात महत्त्वाचे वाटते, कारण ताराबाई विशेषणाला विशेषणाने उत्तर देऊन थांबत नाहीत. त्या पुरावा मागतात. चंचल कोण, मूर्ख कोण, हे ठरवायचे तर दोघांना एकाच काट्यावर तोला, असे त्यांचे म्हणणे आहे.

कोर्टातला ‘फ्रिव्होलस’ वेगळा का?

‘मग काय, कुणाला थिल्लर म्हणायचेच नाही का?’ असा प्रश्न येणारच. त्याचे चांगले उत्तर न्यायालयात मिळते. या यादीतला ‘फ्रिव्होलस’ हा शब्द भारतीय कायद्यात अजून वापरात आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २६ मध्ये तक्रार ‘फ्रिव्होलस’ किंवा केवळ त्रास देण्यासाठी केलेली आढळली, तर ती फेटाळून तक्रारदाराला दहा हजार रुपयांपर्यंत खर्च भरायला लावण्याची तरतूद होती.

इथे दोन गोष्टी नीट पाहा. पहिली, हे विशेषण तक्रारीला आहे, तक्रारदाराला नाही. दुसरी, ते ठरवायला आधी तक्रार पाहावी लागते आणि तसे का ठरवले याची कारणे द्यावी लागतात. म्हणजे कायद्यातला ‘फ्रिव्होलस’ म्हणणे तपासल्यावर येतो. गप्पांतला आणि कमेंटमधला थिल्लर म्हणणे तपासण्याच्या आधीच येतो.

जॉर्ज एलियट या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या लेखिकेने १८५६ मध्ये ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’त स्त्री-लेखिकांच्या ‘सिली’ कादंबऱ्यांवर लेख लिहिला. शीर्षकातच तो शब्द आहे आणि लेख बोचरा आहे. पण तिने कादंबऱ्यांचे प्रकार पाडले, त्यांत काय खोटे आहे ते दाखवले आणि अशा पुस्तकांमुळे स्त्रीशिक्षणाच्या विरोधकांचेच फावते, हा मुद्दा मांडला. ‘सिली’ हा शब्द तिथे वाचून झाल्यावर आलेला निकाल आहे. म्हणून तो १७० वर्षांनंतरही वाचावासा वाटतो.

आज याचा आपल्याशी काय संबंध?

डिजिटल डेस्कवर काम करताना बातम्यांखालच्या प्रतिक्रिया रोज डोळ्यांखालून जातात. वसतिगृहातल्या मुलींनी जेवणाची तक्रार केली, तरुणांनी परीक्षेच्या तारखांवरून आंदोलन केले, एखाद्या कलाकार मुलीने कामाच्या ठिकाणच्या वागणुकीबद्दल लिहिले, की पहिल्या काही प्रतिक्रियांत ठरलेले शब्द येतात. ‘रील्स कमी करा’, ‘पापा की परी’, ‘आजकालची थिल्लर पिढी’. जेवणात अळी होती का, परीक्षेची तारीख का बदलली, याबद्दल त्यात अक्षरही नसते. ‘फ्लॅपर व्होट’ आणि ‘पापा की परी’ यांच्यात शंभर वर्षांचे अंतर आहे, काम एकच.

सॉफ्टवेअरच्या जगात एक वाईट सवय असते. ग्राहकाने बिघाड कळवला की तो न तपासता ‘युजरचीच चूक’ असा शेरा मारून तिकीट बंद करायचे. त्या दिवशी डॅशबोर्डवरचा आकडा सुधारतो, बिघाड तसाच राहतो आणि पुढच्या आठवड्यात तो मोठा होऊन परत येतो. माणसाला ‘सिली’ म्हणून तिकीट बंद करण्याचेही तसेच आहे. श्रीयुत बेनेट यांना हे लिडियाने दाखवून दिले.

याचा अर्थ हे शब्द हद्दपार करा असा मुळीच नाही. भाषा रुचकर राहते ती अशाच शब्दांमुळे. ‘फ्लिबर्टिजिबेट’ एकदा मोठ्याने म्हणून पाहा, दिवस बरा जाईल. मित्राला येड्या म्हणण्यात, आजीने नातवाला खुळा म्हणण्यात माया असते आणि ती ऐकणाऱ्याला कळते. स्वतःला ‘स्कॅटर-ब्रेन्ड’ म्हणणारा तर बिचारा चष्मा शोधत असतो.

फरक ओळखायला माझ्या मते दोन प्रश्न पुरेसे आहेत. हा शब्द माणसाला लावला आहे की त्याच्या एखाद्या कृतीला? आणि तो माणूस काय म्हणत होता, ते सांगता येते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर विशेषण कितीही चपखल असो, ते उत्तर टाळण्यासाठीच वापरलेले असते.

‘सिली’ला धन्यपासून मूर्खापर्यंत यायला काही शतके लागली. कमेंट बॉक्समध्ये तेच काम दोन सेकंदांत होते. पुढच्या वेळी ‘थिल्लर’ टाइप करण्याआधी वरची बातमी पूर्ण वाचली, तरी पुष्कळ झाले.